पॅनामिंटचा नकाशा: चांदीच्या खाणी, वाहून गेलेले रस्ते आणि डेथ व्हॅलीत चकवणारं जीपीएस

ऑगस्ट २००९. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये एक आई तिच्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन कॅम्पिंगला निघाली होती. सोबत कुत्रा होता आणि गाडीत जीपीएस. पार्कच्या दक्षिण टोकाला एका निर्मनुष्य वाटेवर गाडी वाळूत रुतली. मोबाइलला रेंज नव्हती, मैलोन्‌मैल माणूस नव्हता. पाच दिवसांनी एक रेंजर तिथवर पोचला. आई वाचली, पण मुलगा वाचला नाही.

या घटनेनंतर पार्कच्या रेंजर्सनी जीपीएसमधला डेटा आणि कागदी नकाशे शेजारी ठेवून तपासले. जीपीएसमध्ये असे कितीतरी रस्ते दिसत होते, जे कित्येक दशकांपूर्वी बंद पडलेले होते. काहींचा तर जमिनीवर मागमूसही राहिला नव्हता. मग नकाशे बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठपुरावा करून असे रस्ते काढून टाकायला लावावे लागले.

पण जिथे माणसं राहत नाहीत, शेती नाही, प्यायला पाणी नाही, तिथे मुळात एवढे रस्ते आलेच कुठून? उत्तर एका शब्दात द्यायचं तर, खाणी. त्या कशा आल्या आणि नकाशावर कशा उतरल्या, हे समजून घ्यायला डेथ व्हॅलीच्या पश्चिमेला उभी असलेली पॅनामिंट डोंगररांग हे उत्तम उदाहरण आहे.

दोन कळसूबाई एकावर एक

पॅनामिंट रांगेचं सर्वोच्च शिखर म्हणजे टेलिस्कोप पीक. उंची ११,०४९ फूट, म्हणजे साधारण ३,३६७ मीटर. हा आकडा हिमालय माहीत असलेल्यांना किरकोळ वाटेल. खरी गंमत शिखराच्या पायथ्याशी आहे. पूर्वेला नजर टाकली की खाली बॅडवॉटर नावाचं मिठागर दिसतं आणि ते समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. उत्तर अमेरिकेतली ही सगळ्यात सखल जागा. शिखर आणि मिठागर यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर जेमतेम २४ किलोमीटर, आणि उंचीतला फरक जवळजवळ साडेतीन हजार मीटर. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर थोडी जागा उरेल.

खाली उन्हाळ्यात पारा ५० अंश सेल्सियस ओलांडतो आणि वर हिवाळ्यात बर्फ साचतं. तळाशी झुडूपसुद्धा जेमतेम तग धरतं, माथ्यावर मात्र हजारो वर्षं जगू शकणारे ब्रिसलकोन पाइनचे वृक्ष आहेत. एवढा बदल एकाच उतारावर.

हे झालं कसं? इथे जमिनीचं कवच पूर्व-पश्चिम ताणलं जातंय. त्या ताणाने कवचाचे मोठमोठे ठोकळे तुटले, काही वर उचलले गेले, काही खचले आणि बरेचसे एका बाजूला कलले. डेथ व्हॅलीचा तळ पूर्वेकडे कलतोय. याचा पुरावा नकाशावर घरबसल्या पाहता येतो. पॅनामिंटच्या दऱ्यांमधून पुरासोबत येणारी दगडमाती दरीच्या तोंडाशी पसरून प्रचंड पंखाकृती मैदानं तयार झाली आहेत. पूर्वेकडच्या ब्लॅक माउंटन्सखालची तशीच मैदानं मात्र छोटी आहेत, कारण त्या बाजूचा तळ सतत खचत असल्याने तिथला गाळ मिठागराच्या पोटात गडप होतो.

आधी खाणकामगार, मग नकाशा

या भागात टिंबिशा शोशोनी लोक पूर्वापार राहत आले आहेत. उन्हाळ्यात वर डोंगरात, हिवाळ्यात खाली दरीत, असा त्यांचा क्रम असे. कुठला झरा बारमाही आणि कुठला फसवा, हे त्यांना ठाऊक होतं. ते कागदावर नव्हतं एवढंच.

बाहेरचे लोक मोठ्या संख्येने पहिल्यांदा आले ते १८४९ च्या अखेरीस. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याच्या बातमीने निघालेले काही तांडे जवळचा रस्ता शोधण्याच्या नादात या दरीत अडकले. बैल मारून खाल्ले, गाड्या मोडून जाळल्या आणि कसेबसे पॅनामिंट ओलांडून बाहेर पडले. त्यांच्यापैकी कुणाला तरी वाटेत अस्सल चांदीचा दगड मिळाला होता, अशी दंतकथा मागे राहिली. ती हरवलेली चांदी शोधायला पुढची कित्येक वर्षं लोक येत राहिले. टेलिस्कोप पीक हे नावही अशाच एका शोधकाने १८६० च्या सुमारास दिलं. माथ्यावरून इतक्या दूरचं इतकं स्पष्ट दिसलं की त्याला दुर्बीण आठवली.

१८६१ मध्ये कॅलिफोर्नियाची पूर्व सीमा ठरवण्यासाठी एक पाहणी तुकडी इथून गेली. सामान वाहायला त्यांच्याकडे चक्क उंट होते. त्यांच्या वायुभारमापकाने दाखवलं की हा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे. त्यानंतर १८७१ मध्ये अमेरिकी लष्करातले अभियंता लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर यांची मोहीम आली, तीही भर जुलैत. हा महिना कुणी निवडला असेल असा प्रश्न पडतो. लष्कराला नव्या प्रदेशाचे नकाशे हवे होते: वाट कुठून जाते, पाणी कुठे आहे, घोड्यांना चारा कुठे मिळेल आणि जमिनीत काय दडलंय. व्हीलर यांच्या अहवालांमध्ये खाणींच्या भागांवर स्वतंत्र टिपणं आहेत. त्यांच्या नकाशांवर डोंगर दाखवायला बारीक रेघोट्या वापरल्या होत्या. डोंगर आहे हे त्यातून कळायचं, पण नेमका किती उंच आणि किती तीव्र उताराचा, हे नाही.

चांदीचे गोळे आणि रोझिनंटाची वाट लागलेलं शहर

१८७३ च्या सुमारास पॅनामिंटच्या पश्चिम उतारावर, सरप्राइज कॅन्यन नावाच्या अरुंद घळीच्या वरच्या टोकाला चांदी सापडली. दीड-दोन वर्षांत तिथे पॅनामिंट सिटी उभी राहिली. सुमारे दोन हजार माणसं, एकच लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना दारूचे गुत्ते आणि दुकानं. नेवाडाचे दोन सिनेटर, जॉन जोन्स आणि विल्यम स्टुअर्ट, यांनी इथे पैसा ओतला.

अडचण होती लुटारूंची. सोनं-चांदी वाहून नेणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीने इथे सेवा द्यायला नकार दिला. त्यावर काढलेला तोडगा आजही सांगितला जातो. चांदीच्या लगडी पाडण्याऐवजी दोनशे किलोच्या आसपास वजनाचे गोळे ओतले आणि उघड्या गाडीतून नेले. घोड्यावरून पळणारा दरोडेखोर तो गोळा उचलणार कसा?

मात्र धातुक लवकरच संपत आलं आणि जुलै १८७६ मध्ये ढगफुटी झाली. सरप्राइज कॅन्यनमधून आलेल्या लोंढ्याने शहराचा मोठा भाग वाहून नेला. आज तिथे विटांची एक उंच चिमणी उभी आहे आणि घरांचे काही चौथरे.

त्या काळात खाणीवर हक्क सांगायचा कसा, हेही पाहण्यासारखं आहे. १८७२ च्या अमेरिकी खाण कायद्यानुसार सरकारी जमिनीवर कुणीही १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद तुकड्यावर दावा लावू शकत असे. कोपऱ्यांवर दगडांच्या राशी रचायच्या, हक्काची चिठ्ठी एखाद्या डब्यात घालून त्यात ठेवायची आणि नोंद करायची. नोंदीतली खूण म्हणजे ‘झऱ्याच्या उत्तरेला’ किंवा ‘मोठ्या खडकापासून इतके फूट’. नीट नकाशा नसेल तर दोन दावे एकमेकांवर चढणार हे उघड आहे, आणि एकाच शिरेवरचे असे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालत. डोंगराचं अचूक मोजमाप ही त्यामुळे नुसती विद्वानांची हौस नव्हती. तिच्यावर लोकांचे पैसे लागलेले होते.

पॅनामिंट सिटी बुडाली तरी रांगेतलं खोदकाम थांबलं नाही. १८७७ मध्ये वाइल्डरोझ कॅन्यनमध्ये दगडी बांधणीच्या दहा भट्ट्या उभारल्या गेल्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या आकाराच्या, प्रत्येकी साधारण २५ फूट उंच. आजूबाजूचे पिन्यन पाइन तोडून त्यात लोणारी कोळसा पाडायचा आणि चाळीसेक किलोमीटर लांब, पलीकडच्या आर्गस रांगेतल्या चांदीच्या भट्ट्यांना पुरवायचा. भट्ट्या चालल्या जेमतेम दोन-तीन वर्षं. पण त्या अजून जशाच्या तशा उभ्या आहेत आणि आत शिरलं की धुराचा वास आजही येतो, असं तिथे जाऊन आलेले सांगतात.

१९०५ मध्ये शॉर्टी हॅरिस आणि पीट ऑगरबेरी या दोघांना रांगेच्या उत्तर भागात सोनं सापडलं. दोघांच्या नावावरून वस्तीचं नाव हॅरिसबेरी ठरलं होतं. पण शॉर्टी बोलघेवडा. सलूनमध्ये गप्पा मारत त्याने ते हॅरिसबर्ग करून टाकलं आणि नकाशावर तेच चढलं. बिचारा पीट तिथेच जवळपास चाळीस वर्षं खोदत राहिला. पुढे दरीचं दृश्य दिसणाऱ्या एका टोकापर्यंत त्याने स्वतः रस्ता केला. त्या टोकाला आज ऑगरबेरी पॉइंट म्हणतात, म्हणजे शेवटी त्याचं नावही नकाशावर आलंच. जवळच्या स्किडू गावाने सोन्याची गिरणी चालवण्यासाठी टेलिस्कोप पीकच्या बाजूच्या झऱ्यापासून तीस किलोमीटरहून जास्त लांबीची पाण्याची पाइपलाइन टाकली. पाइप कधीच उपसून नेले, पण डोंगरउतारावरचा तो चर अजून दिसतो.

समोच्च रेषा कशा काढल्या?

१८७९ मध्ये अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण, म्हणजे यूएसजीएस ही संस्था स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे सर्वेक्षक या भागात पोचले. बॅलरॅट आणि फर्नेस क्रीक या नावांचे १:२,५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे त्याच काळातले.

पद्धत कष्टाची होती. आधी उंच शिखरांवर खुणा उभारायच्या आणि एका शिखरावरून दुसऱ्याचे कोन मोजत त्रिकोणांचं जाळं विणायचं. भारतात लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांनी केलेल्या महासर्वेक्षणाचं तत्त्वही हेच. मग तिपाईवर लाकडी फळी, तिच्यावर कागद, त्यावर दुर्बीण बसवलेली पट्टी ठेवून सर्वेक्षक समोरचा डोंगर बघत बघत जागेवरच रेषा काढायचा. ठरावीक ठिकाणांची उंची काटेकोर मोजून तिथे धातूची तबकडी ठोकायची, तिला तलचिन्ह म्हणतात. मधल्या सगळ्या उतारांचं वळण मात्र सर्वेक्षकाच्या नजरेवर सोडलेलं. हे सगळं खेचरांवर पाणी लादून, एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्याकडे जात करायचं. जुन्या वाळवंटी नकाशांवर झऱ्यांची नावं इतक्या ठळकपणे का येतात, ते यावरून कळतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर काम विमानातून काढलेल्या फोटोंवर गेलं. एकाच जागेचे दोन किंचित वेगळ्या कोनातले फोटो यंत्रात शेजारी ठेवले की डोंगर त्रिमितीत दिसतो आणि त्यावरून समोच्च रेषा काढता येतात. यातून १:२४,००० प्रमाणाची प्रसिद्ध मालिका तयार झाली. संपूर्ण मुख्य भूमीसाठी ५५ हजारांच्या आसपास नकाशे, आणि मालिका पूर्ण व्हायला १९९० चं दशक उजाडलं. २४,००० हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे इंच-फुटांचा हिशेब आहे. नकाशावर एक इंच म्हणजे जमिनीवर बरोबर २,००० फूट. आपल्याकडे ट्रेकर लोक वापरतात त्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीट साधारणपणे १:५०,००० प्रमाणाच्या असतात, म्हणजे अमेरिकी नकाशात तीच जागा दुपटीहून मोठी दिसते.

दर ४० फुटांना एक रेषा धरली, तर बॅडवॉटरपासून टेलिस्कोप पीकपर्यंत सुमारे २८० रेषा ओलांडाव्या लागतात. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर उतार कडा म्हणावा इतका तीव्र. दरीत त्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात आणि व्हीचं टोक चढाच्या दिशेला असतं. पंखाकृती मैदानावर त्या उलट बाहेर फुगतात, धनुष्यासारख्या. खाली उतरताना एक रेषा शून्याची येते आणि तिच्यानंतर आकडे उणे होत जातात, असे नकाशे जगात फार थोडे आहेत.

एक इशारा इथेच द्यायला हवा. निळी रेष दिसली म्हणजे पाणी आहे, हा सह्याद्रीतला अंदाज पॅनामिंटमध्ये जिवावर बेतू शकतो. तिथल्या बहुतेक निळ्या रेषा तुटक असतात. तुटक निळी रेष म्हणजे वर्षातला बहुतेक काळ कोरडा नाला, पाणी फक्त पाऊस पडला तर. आणि तेव्हा ते लोंढा होऊन येतं.

नकाशावरची फुली

खाणींसाठी या नकाशांवर वेगळी चिन्हं आहेत. साधी फुली म्हणजे कुणीतरी नशीब अजमावायला खणलेला खड्डा. अर्धा काळा चौकोन म्हणजे खाली जाणारी उभी विहीर. ‘वाय’सारखी खूण म्हणजे डोंगरात शिरणारा आडवा बोगदा, आणि आडव्या-तिरप्या कुदळी म्हणजे उघडी खाण. पॅनामिंटच्या काही भागांत ही चिन्हं तीळ पेरावेत तशी पसरलेली दिसतात.

ती महत्त्वाची का आहेत? जुन्या खाणींची तोंडं उघडी राहिलेली असतात. लाकडी आधार कुजलेले, आत प्राणवायू कमी, आणि बोगद्यात अंधारात अचानक खाली उतरणारी विहीर. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार केंद्रीय यंत्रणांच्या नोंदीत सोडून दिलेल्या धातूखाणींच्या किमान १,४०,००० जागा आहेत आणि त्यांपैकी सुमारे ६७,००० ठिकाणी माणसांना इजा होण्याचा धोका आहे. अनेक बोगद्यांना आता लोखंडी जाळ्या लावल्या जातात. जाळी अशी की माणूस आत जाणार नाही, वटवाघूळ मात्र सहज ये-जा करेल.

यात एक गोची झाली. २००९ पासून यूएसजीएसने संगणकीय नकाशांची नवी मालिका सुरू केली. हे नकाशे तयार माहितीसाठ्यांमधून भराभर बनतात, त्यासाठी कुणी प्रत्यक्ष डोंगरात जात नाही. देशभरातल्या खाणींच्या तोंडांचा असा एकत्रित साठाच नव्हता, त्यामुळे नव्या नकाशांवरून फुल्या आणि चौकोन गायब झाले. नकाशा नवा, पण धोक्याची माहिती जुन्यापेक्षा कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी संस्थेने पश्चिमेकडच्या राज्यांच्या जुन्या नकाशांवरची ही चिन्हं एकेक करून संगणकात उतरवण्याचं काम हाती घेतलं. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीपासूनचे कागद पुन्हा उघडले गेले.

रस्त्यांच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. खाणीकडे जाणारी प्रत्येक वाट कधीतरी कुठल्यातरी नकाशावर चढली होती आणि एकदा चढलेली वाट सहजी उतरत नाही. सरप्राइज कॅन्यनचंच बघा. पॅनामिंट सिटीकडे जाणारा गाडीरस्ता १९८० च्या दशकातल्या पुरात उखडला गेला. आज तिथे ओढ्यातून आणि खडकांवरून पायी चढावं लागतं. जुना नकाशा उघडला तर रस्ता मात्र दिसतो.

१९९६ च्या जुलैमध्ये जर्मनीहून आलेलं एक कुटुंब, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, पॅनामिंटच्या दक्षिण भागात बेपत्ता झालं. त्यांची भाड्याची व्हॅन ऑक्टोबरमध्ये अँव्हिल कॅन्यन नावाच्या कोरड्या घळीत सापडली. टायर फाटलेले, आसपास कुणी नाही. मोठी शोधमोहीम झाली, हाती काही लागलं नाही. तेरा वर्षांनी, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, दोन अनुभवी गिर्यारोहकांना व्हॅनपासून काही मैल दक्षिणेला मानवी अवशेष मिळाले. त्या दिशेला तर वस्तीच नाही, मग ते तिकडे का गेले असतील? शोध घेणाऱ्यांचा तर्क असा की त्यांच्याकडच्या नकाशावर दक्षिणेला लष्करी तळाची हद्द दाखवलेली होती. युरोपातल्या माणसाला लष्करी हद्द म्हटलं की कुंपण, पहारा आणि गस्त डोळ्यांसमोर येते, म्हणजे मदत मिळणार. प्रत्यक्षात त्या हद्दीवर मोकळं वाळवंट आहे. रेषा खरी होती, जागाही बरोबर होती. ती रेषा जमिनीवर कशी दिसते, एवढंच नकाशात नव्हतं.

आज काय परिस्थिती आहे?

डेथ व्हॅली १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९९४ मध्ये नॅशनल पार्क. मधली कित्येक वर्षं आत खाणकाम चालूच होतं, १९७६ च्या कायद्याने त्याला चाप बसला. पार्कच्या हद्दीबाहेर, रांगेच्या पश्चिम पायथ्याला मात्र १९९० च्या दशकातही सोन्याची मोठी उघडी खाण सुरू झाली.

आता विमानातून लेझरचे झोत सोडून जमिनीची उंची मोजली जाते. यूएसजीएसचे नवे-जुने सगळे नकाशे, अगदी १८८० च्या दशकापासूनचे, इंटरनेटवर मोफत मिळतात आणि एकाच जागेचे वेगवेगळ्या सालांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहता येतात. आपल्याकडे टोपोशीट मिळवायला बराच काळ बंधनं होती, २०२१ च्या धोरणानंतर ती पुष्कळ सैल झाली आहेत.

डेथ व्हॅलीला जायचं असेल तर पार्कचा सल्ला सरळ आहे: जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका, कागदी नकाशा ठेवा, भरपूर पाणी ठेवा, रस्त्याची ताजी स्थिती रेंजरला विचारा आणि गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत सुटू नका. टेलिस्कोप पीकची वाट कोळशाच्या त्या दहा भट्ट्यांच्या वरच्या बाजूला, महॉगनी फ्लॅटपासून सुरू होते. एका बाजूने साधारण ११ किलोमीटर आणि जवळपास ९०० मीटर चढ. माथ्यावर हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला पायाशी बॅडवॉटर दिसतं आणि पश्चिमेला दूर माउंट व्हिटनी, ४,४२१ मीटर. अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेतली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा, दोन्ही एकाच ठिकाणावरून.